टिलिंगमधली कुरघोडी: 'मॅप अँड लुसिया' (१९८५ आणि २०१४)

ओसरी

ब्रिटिश विनोदी मालिकांचा विषय निघाला की 'कीपिंग अप अपिअरन्सेस'मधल्या हायसिंथबाई हमखास येतात. पण हायसिंथची लढाई एकतर्फी. तिच्या तोडीचं समोर कुणीच नाही, शेजारीपाजारी नुसते तिला चुकवत फिरतात. गाव एक, पुढारपण एक आणि त्यावर डोळा ठेवून असलेल्या तुल्यबळ बायका दोन, असा सामना बघायचा तर 'मॅप अँड लुसिया'. आपल्याकडे या मालिकेवर फारसं लिहिलेलं दिसत नाही म्हणून हा धागा. कथानक उघड होणार आहे, आधी बघायची असेल तर इथेच थांबा.

मूळ कादंबऱ्या ई. एफ. बेन्सनच्या, १९२० ते १९३९ या काळातल्या, एकूण ६. पडद्यावर दोन अवतार झाले. पहिला लंडन वीकेंड टेलिव्हिजनने चॅनल फोरसाठी केला: १९८५ आणि १९८६ मध्ये पाच-पाच, असे १० भाग. रूपांतर जेराल्ड सेव्हरी, दिग्दर्शन डोनाल्ड मॅकविनी. मिस मॅप म्हणजे प्रुनेला स्केल्स ('फॉल्टी टॉवर्स'मधली सिबिल), लुसिया म्हणजे जेराल्डीन मॅक्युअन, आणि लुसियाचा जिवाभावाचा सोबती जॉर्जी म्हणजे नायजेल हॉथॉर्न. हा तोच, 'येस मिनिस्टर'चा सर हम्फ्री. दुसरा अवतार बीबीसीचा. २०१४ च्या २९, ३० आणि ३१ डिसेंबरला लागोपाठ तीन भाग. स्टीव्ह पेंबरटनने लिहिलं आणि जॉर्जीही त्यानेच केला. मॅप मिरांडा रिचर्डसन, लुसिया ॲना चॅन्सेलर.

गोष्ट १९३० ची. रायझहोम नावाच्या खेड्याची अनभिषिक्त राणी लुसिया नवरा गेल्यावर वर्षभर दुखवटा पाळते आणि मग उन्हाळ्यापुरतं टिलिंग गावात मिस मॅपचं 'मॅलर्ड्स' हे घर भाड्याने घेते. टिलिंगवर मॅपचं राज्य. पुढचं सांगायला नको.

मला बोलायचंय ते या विनोदाच्या बांधणीबद्दल. टिलिंगचा अलिखित नियम एकच: कुरघोडी करा, पण ती कुरघोडी होती हे कधीही कबूल करू नका. कुणी आवाज चढवत नाही, कुणी कुणाचं तोंड पाहायचं नाही असं ठरवत नाही, कारण तसं झालं तर संध्याकाळी ब्रिजला चौथा गडी कुठून आणायचा? गावात पानं पिसणारी घरं मोजून सात-आठ. भांडण विकोपाला नेणं परवडतच नाही. म्हणून प्रत्येक वार गोड बोलून करायचा, आणि तो असा हवा की पकडलं गेलं तर 'अगं, मी तर तुझ्या भल्यासाठी...' म्हणता यावं. ज्या भागात हा नियम कसोशीने पाळलाय तो भाग रंगतो, जिथे सुटतो तिथे नुसता चेहऱ्यांचा खेळ उरतो. दोन्ही आवृत्त्यांना ही एकच मोजपट्टी लावून बघा.

तिरफळ

अनुमोदन. यात एक भर: टिलिंगचं चलन पैसा नाही, बातमी आहे. सकाळी टोपली घेऊन हाय स्ट्रीटवर यायचं, भेटेल त्याला 'काही खबर?' विचारायचं. खरेदी निमित्ताला. बातमी आधी कळलेली माणसं वर, नंतर कळलेली खाली. मॅपचं सगळं बळ तिच्या घराच्या जागेत आहे: बागेतल्या खोलीच्या खिडकीत पडद्याआड बसलं की अख्खी गल्ली दिसते. आणि तेच घर ती भाड्याने देते! पैशाच्या लोभाने सेनापती आपला बुरूजच शत्रूला वापरायला देतो, हीच तिची पहिली घोडचूक. पुढच्या सगळ्या पराभवांचं मूळ इथे आहे.

ही भाड्याची साखळी नीट बघा. मॅप आपलं घर लुसियाला देऊन मैत्रीण डायव्हाच्या 'वेस्टर्स'मध्ये जाते, डायव्हा चित्रकार आयरीनच्या 'टाओर्मिना'त, आयरीन गावाबाहेरच्या कॉटेजात. प्रत्येक जण वरच्याकडून जास्त घेतो, खालच्याला कमी देतो, मधला फरक खिशात. भाडी सांगायची ती गिनीत. गिनीचं नाणं तेव्हा चलनात नव्हतं, पण २१ शिलिंगांचा हिशेब चालू होता. पौंड २० शिलिंगांचा, म्हणजे गिनीत बोललं की दर पौंडामागे एक शिलिंग वर, शिवाय खानदानीपणा फुकट.

त्यानंतरचा दाराच्या साखळीचा प्रसंग माझ्या मते पहिल्या मालिकेतला सगळ्यात नेमका. मॅपला वाटतं, घर दिलं म्हणून काय झालं, दार तर आपलंच. घंटा न वाजवता ती ढकलून आत येत राहते. लुसिया 'येऊ नका' म्हणत नाही. तसं म्हटलं तर तीच उद्धट ठरेल. ती फक्त दाराला आतून साखळी लावून ठेवते. पुढच्या वेळी मॅप नेहमीच्या जोरात दार ढकलते आणि दार चार बोटं उघडून अडतं. बोललं कुणीच काही नाही. निरोप पोचला.

खडीसाखर

वाचायला मजा येतेय. दोन्हीतलं आधी काय बघू? आणि १९८५ चं पहिल्या भागापासूनच धरायचं, की टिलिंग सुरू होतं तिथून?

ओसरी

@खडीसाखर, १९८५ आधी, आणि पहिल्या भागापासूनच. 'द व्हिलेज फेट' हा पहिला भाग बराचसा रायझहोममध्ये आहे आणि वरवर बघता मुख्य भांडणाशी त्याचा संबंध नाही, म्हणून लोक तो सोडतात. पण लुसियाची पद्धत तिथेच शिकायला मिळते. गावात एलिझाबेथकालीन जत्रा ठरते. लुसिया दुखवट्यात म्हणून शेजारीण डेझी क्वांटॉक राणीची भूमिका स्वतः बळकावते आणि लुसियाला देऊ करते दर्यावर्दी ड्रेकच्या बायकोची! पुढे यायचं, मुजरा करायचा, संपलं काम. लुसिया प्रेमाने नकार देते. मदतही करत नाही, अडथळाही आणत नाही. तालमी कोलमडेपर्यंत नुसती थांबते. डेझीलाच शेवटी दारात यावं लागतं, आणि मग लुसिया मोठ्या नाइलाजाने मुकुट स्वीकारते. 'मला नको होतं हो, पण तुम्ही एवढं म्हणताय तर' हा डाव ती पुढे दहाही भागांत खेळते.

दुसरा 'बॅटल स्टेशन्स', तिसरा 'द इटालियन कनेक्शन', चौथा 'लॉबस्टर पॉट्स', पाचवा 'द आउल अँड द पुसीकॅट'. ही पाच म्हणजे 'मॅप अँड लुसिया' ही एकच कादंबरी, सलग. १९८६ च्या पाच भागांत पुढच्या दोन कादंबऱ्या कोंबल्यात, त्यामुळे तिथे गाडी धावते. एका बैठकीत दोनपेक्षा जास्त भाग बघू नका. सगळे वार बारीक आहेत, पाचव्या तासाला ते दिसेनासे होतात.

दुर्बीण

१९८५ चं कौतुक ठीक, पण २०१४ ला एवढं खाली बसवू नका. मिरांडा रिचर्डसनने मॅपसाठी खोटे पुढे आलेले दात लावले, आणि त्या दातांनी अर्धी भूमिका केलीय. मॅपचं हसू हे मुळातच तिचं हत्यार. स्केल्सच्या हसण्यात गोडवा आणि संताप एकाच वेळी दिसतो हे मान्य, पण रिचर्डसनचं हसू बघून लहान मूल रडेल. बेन्सनची मॅप अशीच आहे, सतत आतून धुमसणारी.

दुसरं, गाव. २०१४ मध्ये ऱ्हाय गाव (टिलिंग त्यावरूनच बेतलंय) कॅमेऱ्याने मनसोक्त वापरलंय. गल्लीचा चढ, वळण, खिडकीतून दिसणारा कोन, यांमुळे कोण कुणाला कुठून बघतंय ते भाषणाशिवाय कळतं. १९८५ वाल्यांनीही ऱ्हायमध्येच चित्रीकरण केलं होतं, पण त्यांचा भर दिवाणखान्यावर.

तिसरं, फेलिसिटी मॉन्टॅग्यूची डायव्हा. तुटक वाक्यं, धाप, आणि पोटात काही न राहणं. मॅप आणि लुसियाच्या मधोमध उभं राहून दोघींच्याही बाजूने अर्धं-अर्धं बोलणारं माणूस लागतंच, नाहीतर खबर फिरणार कशी? मार्क गेटिसचा मेजर बेंजीसुद्धा बघण्यासारखा.

तिरफळ

@दुर्बीण, नटांबद्दल वाद नाही. अडचण वेळेची आहे. तीन भाग, प्रत्येक तासाभराचा. कुरघोडीच्या विनोदाला चार पायऱ्या लागतात: वार, वार पोचल्याचं न दाखवणं, परतफेडीची तयारी, आणि सगळ्यांसमोर परतफेड. घाई झाली की पहिली आणि चौथी उरते, दुसरी-तिसरी कापली जाते. आणि खरी मजा दुसरीत असते.

इटालियनचंच प्रकरण घ्या. लुसिया आणि जॉर्जी येता-जाता इटालियन शब्द फेकतात, त्यामुळे गावाला वाटतं की दोघं अस्खलित बोलतात. खरं तर दोघं मोजून वीस-पंचवीस शब्दांत गुजराण करतायत. मग बातमी येते की गावातल्या मिस्टर वाइजची बहीण, इटलीत लग्न झालेली काँटेसा फाराग्लिओने, टिलिंगला येतेय. लुसियाला फ्लू 'होतो'. मॅपला संशय येतो. ती चर्चच्या मनोऱ्यावर चढते, तिथून मॅलर्ड्सची बाग दिसते, आणि आजारी लुसिया तिथे टणाटण व्यायाम करताना सापडते. पुरावा हातात! पण मॅप तो लगेच वापरत नाही. ती दवंडी पिटायला योग्य क्षण शोधत बसते आणि तेवढ्या अवधीत लुसिया दुसऱ्याकडून शुद्ध इटालियनमध्ये एक पत्र करवून घेते, स्वतःच्या अक्षरात उतरवते आणि काँटेसाच्या हाती पडेल अशी व्यवस्था करते. काँटेसा पत्राची वाहवा करते. आता मॅपने तोंड उघडलं तर तीच मत्सरी ठरणार.

इथे मॅप का हरते? तिची माहिती शंभर टक्के खरी होती. पण टिलिंगमध्ये खरं काय याला किंमत नाही, चारचौघांत काय सिद्ध झालं याला आहे. हे उलगडायला पन्नास मिनिटं लागतात, दहा नाही.

ताम्हण

दोन्ही बाजूंनी घरकामाच्या माणसांचा विषय सुटला. हे सगळे 'सभ्य' लोक बिननोकरीचे, मिळकतीवर जगणारे. दिवसभर रिकामे राहू शकतात ते घरात स्वयंपाकीण, पार्लरमेड (दार उघडणारी, वाढणारी मोलकरीण), कुणाकडे शोफर आहे म्हणून. आणि मोठे निर्णय त्या माणसांच्या मर्जीवर अडतात.

जॉर्जीला टिलिंगमध्ये राहायचंय, पण त्याची पार्लरमेड फोलजाम तयार होईल का? ती नाही म्हणाली तर जॉर्जी रायझहोम सोडणार नाही, एवढं साधं आहे. केस रंगवणारा, भरतकाम करणारा, आपल्या चिमुकल्या शोभेच्या वस्तू रोज स्वतः पुसणारा हा माणूस, पण कपडे कुठे, बटणं कोण लावतं हे फोलजाम जाणे. तिचं मन वळतं ते लुसियाच्या शोफरमुळे. कॅडमन आणि फोलजामचं जमतं, तेव्हा जॉर्जीला आधी धक्काच बसतो की आता आपली पार्लरमेड जाणार. दोघांचे मालक एकाच गावात स्थायिक झाले तरच हा गुंता सुटतो. म्हणजे लुसियाने टिलिंग जिंकलं त्यात शोफरच्या प्रेमप्रकरणाचा वाटा निम्मा.

बातमीची दुसरी वाट हीच आहे. मॅपची विदर्स, लुसियाची ग्रोव्हनर, डायव्हाची जॅनेट. समोरच्या दारातून गोड चिठ्ठी येते, मागच्या दारातून खरी खबर. मालकिणी मात्र 'नोकरांच्या बोलण्याकडे मी लक्षच देत नाही' म्हणत सगळं ऐकून घेतात.

हॉथॉर्नचा जॉर्जी म्हणूनच मला पेंबरटनपेक्षा वरचा वाटतो. तो हसं करून घेत नाही. छोट्या सोयींवर जगणारा, भित्रा, पण वेळ पडली तर लुसियापेक्षा सज्जन माणूस तो दाखवतो.

पडवीतला

ऱ्हायबद्दल थोडं नेमकं लिहितो, तिकडे जाणाऱ्यांना उपयोगी पडेल.

टिलिंग म्हणजे ईस्ट ससेक्समधलं ऱ्हाय. तिथल्या टिलिंगहॅम नदीवरून नाव घेतलंय. मॅलर्ड्स म्हणजे वेस्ट स्ट्रीटच्या वरच्या टोकाचं लॅम्ब हाउस. आधी तिथे हेन्री जेम्स राहायचा, मग बेन्सन. आता घर नॅशनल ट्रस्टकडे आहे. आठवड्यातले सगळे दिवस उघडं नसतं, त्यामुळे वेळापत्रक पाहूनच निघा. ज्या बागखोलीच्या खिडकीतून मॅप पहारा करते ती खरोखर होती, बागेच्या भिंतीला लागून, गल्लीकडे तोंड करून. ऑगस्ट १९४० मध्ये बॉम्बने ती उद्ध्वस्त झाली. भिंतीवर तशी पाटी आहे. २०१४ च्या चित्रीकरणासाठी तिची प्रतिकृती उभारली होती, ती कायमची नाही. तेव्हा 'खोली कुठंय' म्हणून आत शोधत बसू नका.

बाहेर उभं राहिलं की डावपेच कळतात. गल्ली अरुंद, चढाची, आणि खाली हाय स्ट्रीटला मिळते. वरच्या टोकाला जो बसलाय त्याला खालून टोपली घेऊन येणारं प्रत्येक माणूस दिसतं. येणाऱ्याला मात्र मान वर केल्याशिवाय खिडकी दिसत नाही.

सेंट मेरीज चर्चच्या मनोऱ्यावर चढता येतं. जिने अरुंद, शेवटी शिडीसारखे, आणि वाटेत घंटा. मॅपने त्या काळच्या पोशाखात हे कसं केलं असेल हा विचार वर पोचल्यावर येतोच. चर्चचं घड्याळ सोळाव्या शतकातलं, बाहेर सोनेरी 'क्वार्टर बॉईज' आहेत, नावाप्रमाणे ते पाव तासाचे टोले देतात, तासाचे देत नाहीत. आत पश्चिमेकडची रंगीत काचांची खिडकी बेन्सनने दिलेली आहे आणि तिच्यात नगराध्यक्षाच्या झग्यातला तो स्वतःही आहे. तो १९३४ ते १९३७ ऱ्हायचा नगराध्यक्ष होता. पुढे लुसियाला नगराध्यक्ष केलं ते कल्पनेच्या भरात नव्हे, झग्याचा मान आणि मिरवणुकीतला क्रम यांवरून माणसं कशी रुसतात ते त्याला खुर्चीत बसून दिसलं असणार.

लंडनहून जायचं तर सेंट पँक्रसहून ॲशफर्ड इंटरनॅशनल, तिथे हेस्टिंग्जच्या बाजूची छोटी गाडी. जोडगाडी नीट मिळाली तर सव्वा तासाच्या आसपास. ही छोटी गाडी साधारण तासाला एक, चुकली तर ॲशफर्डच्या फलाटावर करण्यासारखं काही नाही. मरमेड स्ट्रीट गोल दगडांची आहे, पावसात निसरडी, टाचांचे बूट नकोत.

गुळांबा

मेजर बेंजीबद्दल कुणीच सविस्तर कसं लिहिलं नाही? मेजर बेंजामिन फ्लिंट, हिंदुस्थानी फौजेतून निवृत्त. भिंतीवर वाघाची कातडी, तोंडी शिकारीच्या कथा, सोबत व्हिस्की. सकाळी नोकरांना हाक मारायची ती 'क्वाय-हाय!' म्हणजे आपलं 'कोई है?'. ससेक्समधल्या बिचाऱ्या स्वयंपाकिणीला त्याचा अर्थ 'न्याहारी आणा' एवढाच. अशी निवृत्त मंडळी त्या काळी इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या गावांत खरंच भरपूर होती, पेन्शन बेताची, आणि तिकडे डझनभर नोकरांची लागलेली सवय. वाघ दर सांगण्यागणिक मोठा होतो, टिलिंग ऐकून घेतं, कारण तो एकटा अविवाहित पुरुष आणि ब्रिजचा गडी.

गुरूचं प्रकरण आणखी गमतीचं. 'क्वीन लुसिया' या १९२० च्या कादंबरीत डेझी एका हिंदुस्थानी योग्याला घरी ठेवते, लुसिया त्याला पळवते, सगळं गाव प्राणायाम करायला लागतं, आणि अखेर कळतं की तो लंडनमधल्या एका हिंदुस्थानी उपाहारगृहाचा आचारी होता. १९८५ वाल्यांनी हा भाग घेतला नाही, २०१४ मध्ये पेंबरटनने तो उचलून टिलिंगमध्ये आणला. आपल्या नजरेने बघताना जरा खटकेल असं वाटतं, पण बेन्सनचा रोख बघा: हसं होतं ते आचाऱ्याचं नाही. तो आपलं काम चोख करून, हाती लागेल ते घेऊन पसार होतो. हसं होतं ते त्याच्या पायाशी बसलेल्यांचं, आणि फसवणूक कळल्यावर पोलिसांत जाण्याऐवजी ती झाकणाऱ्यांचं. तक्रार केली तर अख्ख्या गावाला कळेल ना!

दुर्बीण

@गुळांबा, हे मान्य, पण माझ्या लेखी २०१४ चा कमकुवत दुवा तोच आहे. मूळ गोष्टीत गुरू रायझहोमचा, डेझी विरुद्ध लुसिया सामन्यातला. टिलिंगमध्ये आणल्यावर तीन तासांतला मौल्यवान वेळ तो खातो आणि मॅप-लुसियाच्या हिशेबात फार जमा काही करत नाही. (घ्या, तिरफळ, एक गुण तुम्हाला.)

खडीसाखर

पहिले तीन भाग बघितले. लुसिया सारखा तो 'मूनलाइट सोनाटा'चा एकच भाग का वाजवते? आणि त्या लॉबस्टरची पाककृती कुठे मिळेल का?

ओसरी

पहिला भाग संथ आहे, म्हणून. पुढचे दोन तिच्या बोटांच्या आवाक्याबाहेरचे. न वाजवण्यामागे उच्च अभिरुचीचं कारण तिच्याकडे तयार असतंच. याहून पुढची पायरी जॉर्जीबरोबरच्या जुगलबंदीत बघा. नवीन स्वरलिपी उघडून 'आज पहिल्यांदाच बघतेय हं, चुकले तर हसू नका' म्हणायचं आणि सुरेख वाजवायचं. गुपचूप सराव तिने केलेला असतो, जॉर्जीनेही केलेला असतो, दोघांना एकमेकांचं माहीत असतं. बोलायचं नाही. टिलिंगचा नियम त्यांच्या मैत्रीलाही लागू आहे.

लॉबस्टर आ ला रायझहोमची कृती बेन्सनने दिलेलीच नाही, आणि ते बरोबरच आहे, कारण ती कुणाला न देण्यावरच कथानक उभं आहे. पाककृती मागितली तर द्यायची ही टिलिंगची रीत. लुसिया देत नाही, हा तिच्याकडून झालेला खरा नियमभंग, आणि गाव या एका बाबतीत मॅपच्या बाजूने आहे. हळदीकुंकवाला खाल्लेल्या वडीचं प्रमाण विचारावं आणि समोरचीने 'अंदाजानेच घालते गं' म्हणून उडवून लावावं, तसं ते आहे.

पुढचं ठाऊक नसेल तर इथे थांब, खडीसाखर. नाताळच्या दुसऱ्या दिवशी मॅप लुसियाच्या 'ग्रीब' या नव्या घरात शिरते. स्वयंपाकघरात कुणी नाही, वही समोर. ती घाईघाईने कृती उतरवतेय तोच लुसिया येते, आणि त्याच क्षणी समुद्राचा बांध फुटतो. हे उगाच आणलेलं नाही. ऱ्हायभोवतीची पाणथळ जमीन समुद्राच्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे, मातीच्या बांधांनी राखलेली. ग्रीब त्या सखल भागात, मॅलर्ड्स टेकडीवर. दोघी उलट्या केलेल्या स्वयंपाकाच्या टेबलावर बसून समुद्रात वाहत जातात, इटालियन मच्छीमार बोट त्यांना उचलते, आणि त्या बोटीवर दोघींना कित्येक आठवडे काढावे लागतात. (इटालियन बोट! लुसियाच्या नशिबी आलेली शिक्षा बघा.)

इकडे गावाने दोघींना मेलेलं धरलेलं. जॉर्जी स्मृतिशिला बसवतो आणि वारसा मिळणार असूनही ग्रीब जसंच्या तसं ठेवतो. मेजर बेंजी मात्र मृत्युपत्राचं सोपस्कार पुरं व्हायच्या आत मॅलर्ड्समध्ये मुक्काम ठोकतो. दोघी परततात तेव्हा मॅपला आपल्याच घरात तो सापडतो. आणि एवढ्या जिवावरच्या प्रसंगातूनही कृतीचा कागद तिने सांभाळलेला असतो! पुढे मेजवानीत ती लॉबस्टर वाढते. पहिला घास घेताच लुसियाला कळतं की ती त्या दिवशी स्वयंपाकघरात कशाला आली होती.

ताम्हण

'आउल अँड द पुसीकॅट' हे शीर्षक एडवर्ड लिअरच्या बालगीतावरून. त्यातले दोघे होडीतून समुद्रावर जातात.

तिरफळ

१९८६ च्या भागांबद्दलही लिहायला हवं, तिथे हिशेब पैशाचा होतो. लुसिया शेअर बाजारात उतरते, सिरियामी नावाच्या आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणीचे शेअर घेते. गाव तिच्यामागे धावतं. तोवर एकमेकांशी लग्न झालेले मॅप आणि मेजरही. लुसिया वेळेवर बाहेर पडते, हे दोघं अडकतात. लाभांश थांबतो, पैशाची चणचण होते, आणि मॅलर्ड्स विकायची पाळी येते. लुसिया ग्रीब अधिक २,००० पौंड देऊन मॅलर्ड्स घेते. पहिल्या मालिकेत भाड्याने दिलेला बुरूज दुसऱ्यात कायमचा जातो. आणि लुसिया हे सगळं 'बिचाऱ्या एलिझाबेथला (म्हणजे मॅपला) मदत' म्हणून करते.

त्याच सुमारास मॅपचा सैल केलेला हिरवा स्कर्ट सगळं गाव बघतं आणि बाळाची चाहूल लागल्याचं धरून चालतं. मॅप ना हो म्हणते ना नाही, कौतुक मात्र पुरेपूर वसूल करते. पुन्हा तोच नियम. न बोललेलं खोटं पकडता येत नाही.

मग आयरीनचं चित्र. शिंपल्यावर उभी व्हिक्टोरियन पोशाखातली मॅप, आणि ढगातून फुंकर घालणारा मेजर. मॅपचा अपमान म्हणून काढलेलं चित्र रॉयल अकॅडमीत गाजतं आणि मॅपच रातोरात प्रसिद्ध होते. लुसियाचा जळफळाट बघण्यासारखा. मॅक्युअनचं सगळ्यात चांगलं काम मला इथे दिसतं. हसू तसंच, आवाज तसाच, फक्त हात पियानोवर जरा जोरात पडतो.

शेवटी लुसिया नगराध्यक्ष होते आणि मॅपला मेयोरेस (समारंभांतली नगराध्यक्षाची मानाची जोडीदार) करते. शत्रूला दूर ठेवण्यापेक्षा खालच्या खुर्चीत बसवलेलं बरं, असा विचार. तो चुकतो, कारण आता मॅपला प्रत्येक समारंभाला हजर राहायचा अधिकारच मिळतो.

खडीसाखर

दुसरा संच मागवतेय. युरोपातली डीव्हीडी इथल्या प्लेअरवर चालेल ना?

पडवीतला

डीव्हीडीला जगातल्या विभागानुसार कुलूप असतं: ब्रिटनची रीजन २ ची असते, भारत रीजन ५ मध्ये येतो. प्लेअर सर्व रीजनचा नसेल तर डिस्क नाकारेल. संगणकाच्या ड्राइव्हचं रीजनही ठरावीक वेळाच, साधारण पाचदाच, बदलता येतं, मग ते कायमचं अडकतं, तेव्हा उगाच खेळत बसू नका. टीव्हीच्या चित्राची पद्धत दोन्हीकडे 'पाल' (PAL) आहे, ती अडचण येत नाही. मागवण्याआधी पाकिटावर इंग्रजी सबटायटल्स आहेत का तेही बघून घ्या. पाद्रीबुवा बर्मिंगहॅमचे असून हौसेने स्कॉटिश बोलतात, पहिल्या खेपेला त्यांचं निम्मं वाक्य निसटतं.